बुडवून गंज रोखायचा, तर आधी धातू ओळखा

भोसरीतल्या एका शेडमध्ये मी फॉस्फेटिंगच्या, म्हणजे रंगाआधी लोखंडावर फॉस्फेटचा थर देण्याच्या, टाक्यांवर पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा माझी समजूत साधी होती. रंगात बुडवलं की रंग लागतो, तसं रसायनात बुडवलं की रसायन लागतं. दुसऱ्याच महिन्यात पत्र्याच्या मालाबरोबर ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट आले आणि दोन दिवस मी तेही त्याच टाकीतून काढत राहिलो. त्यांच्यावर थर चढला नाहीच, पण नंतर आलेल्या लोखंडी मालावरही चढेना. विरघळलेल्या ॲल्युमिनियमने अख्खी टाकी मारली होती. आठवडाभराचं जॉबवर्क थांबलं आणि महागडं रसायन ईटीपीकडे, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाकडे, गेलं.

तेव्हा जे कळलं ते या कामात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी सांगतो. हा लेप बाहेरून लागत नाही, तो धातूतूनच उगवतो. टाकीतलं सौम्य ॲसिड धातूचा वरचा पापुद्रा खातं. ॲसिड तिथे खर्ची पडतं, त्यामुळे पृष्ठभागालगतच्या पातळशा थरात आम्लता कमी होते आणि एरवी विरघळलेली राहणारी क्षारद्रव्यं तिथेच, धातूला धरून, स्फटिक होऊन बसतात. म्हणजे धातू कोणता यावर थर कोणता हे ठरतं. लोखंडाची टाकी ॲल्युमिनियमला चालत नाही आणि स्टेनलेसची रीत जस्ताला लावली तर जस्तच निघून जातं.

दिल्लीतला लोहस्तंभ सगळ्यांना ठाऊक असतो. इ. स. ४०० च्या आसपासचं ते लोखंड टिकलं कसं, याचा अभ्यास आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी केला. त्या लोखंडातच फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे आणि त्यातून पृष्ठभागावर फॉस्फेटचा पातळ संरक्षक थर तयार झाला, असं त्यांनी मांडलं. त्या थराला घडायला काळ लागला, तसलाच थर आपण पाच मिनिटांत उगवतो. १९०६ साली इंग्लंडमध्ये कॉसलेट यांनी लोखंडावर फॉस्फेटचा थर देण्याचं पेटंट घेतलं, आजच्या टाक्यांची वंशावळ तिथपर्यंत जाते.

माल हातात आला की

आधी चुंबक लावा. चिकटला तर साधं लोखंड, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, किंवा ४०० मालिकेतलं स्टेनलेस. स्टेनलेसच्या ३०४ आणि ३१६ या जातींना चुंबक धरत नाही, वाकवलेल्या जागी थोडासा धरतो. मग एका कोपऱ्यावरचं तेल पुसून मोरचुदाच्या पाण्याचा एक थेंब टाका. उघड्या लोखंडावर लगेच तांबूस डाग उमटतो, जस्तावर काळा पडतो आणि स्टेनलेसवर काहीच होत नाही. ॲल्युमिनियम वजनावरूनच कळतं, शंका असेल तर कॉस्टिक सोड्याच्या थेंबाला ते फसफसतं. दोन मिनिटांचं काम आहे. मालाबरोबरच्या चलनावर 'एमएस' (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) लिहिलंय म्हणून माल एमएस असतोच असं नाही.

त्याच वेळी मालाचा आकारही पाहा. एका बाजूने बंद असलेला पाइप तोंड खाली करून टाकीत सोडला तर आत हवा अडकते आणि तिथे कोराच राहतो. उलटा सोडला तर तो एका टाकीचं ॲसिड भरून पुढच्या टाकीत ओततो. गिऱ्हाइकाशी बोलून पाणी निथळायला भोक ठेवून घ्या. ते जमत नसेल तर जिगवर, म्हणजे टांगायच्या चौकटीवर, माल तिरका टांगा. बास्केटमध्ये सपाट पत्रे एकमेकांवर पडू देऊ नका, चिकटलेल्या जागा तशाच बाहेर येतात.

अंगावर काय हवं

रबरी बूट, कोपरापर्यंतचे हातमोजे, ॲप्रन आणि डोळ्यांवर बंद चष्मा. डोळे धुण्याचा नळ टाक्यांपासून दहा पावलांच्या आत असावा आणि तो चालतो का हे रोज सकाळी पाहावं. टाकी बनवताना पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडात पाणी कधीच नाही. फॉस्फेटिंगमध्ये वापरतात तो टोनर म्हणजे सोडियम नायट्राइटचं द्रावण. त्याचा कॅन ॲसिडच्या कॅनशेजारी ठेवू नका. दोन्ही एकत्र आली की तपकिरी धूर निघतो. तो घशाला बोचतो एवढ्यावर संपत नाही, काही तासांनंतर फुप्फुसात पाणी भरू शकतं. असा धूर कुणाच्या नाकात गेला तर बरं वाटतंय म्हणून घरी पाठवू नका, दवाखान्यात न्या.

साधं लोखंड: सात टाक्या

आपल्याकडे याला 'सेव्हन टँक प्रोसेस' म्हणतात. चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज, जिथे पावडर कोटिंग (रंगाची भुकटी भट्टीत पक्की करणं) होतं तिथे तुम्हाला ही रांग दिसेल.

पहिली टाकी डीग्रीझिंगची. अल्कलीचं द्रावण, ६० ते ७० अंश सेल्सिअस, ५ ते १० मिनिटं. सगळी लाइन इथेच जिंकली किंवा हरली जाते असं माझं मत आहे. तेल राहिलं तर पुढच्या सहा टाक्या फुकट जातात. तेल गेलं का हे ओळखायची चाचणी बिनपैशाची आहे. माल पाण्यातून वर काढून धरा आणि तीस सेकंद बघा. पाण्याचा पडदा अखंड राहिला तर माल स्वच्छ. पडदा फाटून थेंब जमले तर तिथे तेल आहे, माल परत पहिल्या टाकीत. टाकीवर तरंगणारं तेल रोज काढून टाका. नाहीतर स्वच्छ झालेला माल वर येताना तेच तेल पुन्हा अंगाला लावून घेतो.

दुसरी टाकी पाण्याची. तिसरी डीरस्टिंगची. गंज आणि काळी पापडी असेल तरच हिची गरज. चकचकीत सीआरसी (थंड लाटलेला) पत्रा उगाच ॲसिडात घालू नका. बाजारातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड साधारण निम्म्यास निम्मं पाणी घालून, इन्हिबिटर टाकून, गरम न करता वापरतात. इन्हिबिटरमुळे ॲसिड गंज खातं पण खालचं लोखंड फारसं खात नाही. फॉस्फरिक ॲसिड महाग आणि संथ, पण सांधे आणि दुमडी असलेल्या मालाला तेच बरं, कारण हायड्रोक्लोरिकचं क्लोराइड फटीत राहिलं की चार महिन्यांनी रंगाखालून गंज फुटतो. आणि एक गोष्ट कधीही विसरू नका: १०.९ आणि १२.९ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे, बोल्ट, स्प्रिंगा, कडक केलेले भाग ॲसिडात घालायचे नाहीत. ॲसिडातून निघणारा हायड्रोजन पोलादात शिरतो आणि भाग नंतर कधीतरी, भाराखाली, इशारा न देता तुटतो. अशा मालाचा गंज शॉट ब्लास्टिंगने, म्हणजे छऱ्यांच्या माऱ्याने, काढा.

चौथी टाकी पुन्हा पाण्याची. पाण्याच्या टाक्यांकडे नव्या माणसाचं लक्ष जात नाही, कारण त्यांत रसायन विकत घालावं लागत नाही. पण लाइन बिघडते ती बहुतेक इथूनच. पाणी वाहतं हवं, शेवटच्या टोकाकडून मालाच्या उलट दिशेने येणारं. बोअरचं जड पाणी असेल तर निदान शेवटच्या धुण्यासाठी तरी क्षार काढलेलं पाणी वापरा. पीएच पट्टी रोज बुडवा. डीरस्टिंगनंतरचं पाणी स्वतःच ॲसिड झालं असेल तर ती टाकी धुण्याची राहिलेली नाही.

चांगल्या लाइनमध्ये इथे आणखी एक टाकी असते, ॲक्टिव्हेशनची. टायटॅनियम फॉस्फेटचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात आणि ते धातूवर विरजणासारखं काम करतात. प्रत्येक कणाभोवती एक स्फटिक धरतो. कण जितके जास्त तितके स्फटिक बारीक आणि थर दाट. ॲसिडातून आलेल्या लोखंडावर ही टाकी नसेल तर स्फटिक जाडेभरडे येतात आणि रंग त्यांत शोषला जातो. यातून माल थेट फॉस्फेटमध्ये न्यायचा, मध्ये धुवायचा नाही. जड पाण्यात हे कण गोळा होऊन तळाला बसतात, म्हणून ही टाकी लवकर लवकर बदलावी लागते.

पाचवी टाकी फॉस्फेटिंगची, आणि इथे थोडं थांबून समजून घ्या. रंगाखाली द्यायचा थर झिंक फॉस्फेटचा, दर चौरस मीटरला साधारण दीड ते साडेचार ग्रॅम. झिंक, निकेल आणि मँगनीज असं तिन्ही घातलेलं रसायन ४० ते ५५ अंशांना ३ ते ५ मिनिटांत काम करतं. थर करडा, एकसारखा, बोटाला न लागणारा हवा. इंजिनच्या सरकत्या भागांसाठी मँगनीज फॉस्फेट असतं. ते ९० अंशांच्या पुढे चालतं, काळपट दिसतं आणि तेल धरून ठेवतं. आयर्न फॉस्फेट सगळ्यांत पातळ, निळसर-सोनेरी झाक देणारं. घरात राहणाऱ्या फर्निचरला ते पुरतं, पावसात उभ्या राहणाऱ्या गेटला नाही.

या टाकीचे तीन आकडे रोज वहीत लिहायचे. टाकीतलं १० मिलिलिटर द्रावण घ्या, ब्रोमोफिनॉल ब्लूचे थेंब टाका आणि दशांश नॉर्मल कॉस्टिकने पिवळ्याचं निळं होईपर्यंत थेंब थेंब सोडा. जितके मिलिलिटर लागले तितके 'फ्री ॲसिड'चे पॉइंट. दुसऱ्या १० मिलिलिटरमध्ये फिनॉल्फ्थॅलिन टाकून गुलाबी होईपर्यंत तेच करा, ते 'टोटल ॲसिड'. तिसरा आकडा टोनरचा. वाकड्या काचनळीत टाकीचं द्रावण भरा, चमचाभर सल्फॅमिक ॲसिड टाका, उलटं करा आणि मिनिटभराने वर किती मिलिलिटर वायू जमला ते वाचा. तिन्ही आकडे कितीच्या दरम्यान हवेत हे तुमच्या रसायनाच्या कंपनीच्या कागदावर असतं. शेजारच्या शेडचे आकडे उचलू नका.

फ्री ॲसिड वाढलं की थर विरळ आणि भरड येतो, टाकीबाहेर काढताच माल पिवळा पडायला लागतो. कमी झालं की टाकी गढुळते आणि मालावर पांढरी भुकटी बसते. टोनर अॅसिडातून निघणारा हायड्रोजन बाजूला सारतो आणि विरघळलेल्या लोखंडाला गाळ बनवून तळाशी पाठवतो. तो कमी पडला तर थर तुटक येतो, जास्त झाला तर निळसर झाक येते आणि गाळ वाढतो. माल चालू नसला तरी टोनर आपोआप संपत असतो. म्हणून काल संध्याकाळी बरोबर होता या भरवशावर सकाळची पहिली बास्केट सोडू नका. तापमानही वर चढू देऊ नका. जास्त तापवल्याने काम लवकर होत नाही, जस्ताचं फॉस्फेट मालावर बसायचं सोडून टाकीतच बसतं.

तळाचा गाळ हा बिघाड नाही, तो होणारच. आठवड्याला वरचं नितळ द्रावण बाजूच्या टाकीत काढून गाळ उपसा. गाळ ढवळला जाऊन मालावर बसला तर रंगाखाली खडे येतात.

सहावी टाकी पाण्याची, सातवी पॅसिव्हेशनची. स्फटिकांमध्ये बारीक फटी राहतात, त्या बुजवायच्या. पूर्वी इथे क्रोमिक ॲसिड असायचं, आता झिर्कोनियमवर चालणारी क्रोमविरहित रसायनं मिळतात आणि नव्या लाइनला तीच घ्या. त्यानंतर ११०-१२० अंशांच्या ओव्हनमध्ये सुकवणं आणि त्याच दिवशी रंग.

त्याच दिवशी, हे जपून लक्षात ठेवा. नुसतं फॉस्फेट गंज थांबवत नाही. मिठाच्या धुक्याच्या पेटीत, ५ टक्के मीठ आणि ३५ अंशांना, रंग किंवा तेल नसलेला झिंक फॉस्फेटचा तुकडा काही तासांत लाल पडतो. फॉस्फेटचं काम रंगाला किंवा तेलाला पकड देण्याचं आणि रंगाला ओरखडा गेला तर गंज पसरू न देण्याचं. जुलैत, हवा ओली असताना, रात्रभर उघडा ठेवलेला फॉस्फेटचा माल सकाळी पुन्हा पहिल्या टाकीत घालावा लागतो.

जस्ताचा पत्रा

गॅल्व्हनाइज्ड मालाला डीरस्टिंगच्या टाकीजवळ नेऊ नका. गिऱ्हाइकाने ज्या जस्ताचे पैसे दिले ते हायड्रोक्लोरिक मिनिटाभरात खाऊन टाकतं. तीव्र कॉस्टिकही जस्ताला विरघळवतं, म्हणून डीग्रीझिंगही सौम्य हवं. मग पाणी, ॲक्टिव्हेशन, आणि जस्ताला चालेल असं सांगून घेतलेलं फॉस्फेट. रंग द्यायचा नसेल, उदाहरणार्थ झिंक प्लेटिंग केलेले नट-बोल्ट, तर पॅसिव्हेशन करतात. निळसर, पिवळ्या, काळ्या छटा दिसतात त्या त्याच्याच. पिवळा रंग पूर्वी षट्संयुजी क्रोमियममुळे यायचा. हे क्रोमियम कर्करोग करतं, नाकाच्या पडद्याला भोक पाडतं, हातावर न भरणाऱ्या जखमा करतं. युरोपने १ जुलै २००६ पासून विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंत ते बंद केलं, आणि निर्यातीच्या मालासाठी आज त्रिसंयुजी क्रोमियमचीच मागणी असते. नव्या माणसाने पिवळ्या विषाने सुरुवात करायचं काहीच कारण नाही.

ॲल्युमिनियम

ॲल्युमिनियमला स्वतःचा ऑक्साइडचा थर असतो. तो काढल्याशिवाय आपला बसत नाही आणि काढला की लगेच परत धरायला लागतो. म्हणून इथे घाई लागते. तेल काढा, धुवा, मग सौम्य कॉस्टिकमध्ये हलकंसं खाऊ द्या. मिश्रधातूतलं तांबं, सिलिकॉन त्यात विरघळत नाही, ते काळ्या काजळीसारखं वर राहतं. ती काजळी नायट्रिक ॲसिडमध्ये जाते. पुन्हा नीट धुवा आणि माल ओला असतानाच शेवटच्या टाकीत घाला, मध्ये वाळू देऊ नका.

शेवटची टाकी झिर्कोनियम-टायटॅनियमची किंवा त्रिसंयुजी क्रोमियमची. काही मिनिटं, जवळपास शेडच्याच तापमानाला. पीएच फार नाजूक असतो, कंपनीने दिलेल्या पट्ट्याबाहेर गेला की थर बसत नाही. हे थर जवळजवळ रंगहीन असतात, त्यामुळे 'लागलंय का?' हे डोळ्यांना कळत नाही. मी दर शिफ्टला एक छोटी पट्टी सोबत बुडवतो, तिच्यावर रंग देऊन चौकटी कापून टेपने ओढून पाहतो. विमान आणि संरक्षण क्षेत्राच्या मालाला अमेरिकी मानक एमआयएल-डीटीएल-५५४१ मागितलं जातं. त्यात मिठाच्या धुक्यात १६८ तास टिकणं लागतं. ते काम वर्षभर हात बसल्यावरच घ्या.

ओतीव ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन इतकं असतं, की काजळी काढायला फ्लोराइड लागतं. हायड्रोफ्लोरिक ॲसिड कातडीतून हाडापर्यंत जातं आणि सुरुवातीला दुखतही नाही. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी असलेली आणि शिकलेली माणसं नसतील, तर ओतीव माल परत पाठवा.

स्टेनलेस, पितळ आणि काळं करणं

स्टेनलेसवर आपण काही चढवत नाही. कटिंग-ग्राइंडिंगमध्ये त्यावर साध्या लोखंडाचे कण रुततात आणि तेच गंजतात, नाव मात्र स्टेनलेसचं खराब होतं. ४ ते १० टक्के सायट्रिक ॲसिडमध्ये ५० ते ६० अंशांना किमान १० मिनिटं ठेवलं की ते कण जातात आणि क्रोमियमचा स्वतःचा थर पुन्हा धरतो. हायड्रोक्लोरिक इथे अजिबात नको, त्याने खड्डे पडतात. नंतर तोच मोरचुदाचा थेंब टाका, तांबूस डाग उमटला नाही तर काम झालं. दुधाच्या किंवा जेवणाच्या भांड्यांना मात्र ही चाचणी लावू नका.

पितळ आणि तांब्याला बेंझोट्रायझोलचं कोमट, अर्ध्या ते एक टक्क्याचं द्रावण काही मिनिटं दिलं की काळं पडणं बरंच लांबतं.

ब्लॅकोडायझिंग, म्हणजे लोखंड काळं करायला, कुणी बोलावलं तर आधी ती टाकी चालताना पाहून या. कॉस्टिक आणि नायट्राइटचं ते द्रावण १४० अंशांच्या आसपास उकळत असतं. त्यात पाणी बेतालपणे ओतलं तर ते वाफ होऊन उसळतं, आणि चुकून ॲल्युमिनियमचा तुकडा पडला तर टाकी अंगावर येते. काळा थर जेमतेम एक मायक्रॉनचा, तेलाशिवाय तो काहीच रोखत नाही.

वापरलेलं पाणी

टाक्या बसवायच्या आधी, नंतर नव्हे, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची संमती घ्या आणि मग चालवण्याची. धुण्याचं पाणी चुन्याने पीएच ८.५ ते ९ वर आणलं की जस्त आणि फॉस्फेट गाळ होऊन बसतात, निकेल नीट बसायला पीएच १० च्या आसपास लागतो. जुनी क्रोमची टाकी वारशात मिळाली असेल तर तिचं पाणी वेगळं धरा, पीएच ३ च्या खाली नेऊन सोडियम मेटाबायसल्फाइट घाला. पिवळ्याचं हिरवं झालं म्हणजे षट्संयुजीचं त्रिसंयुजी झालं, त्यानंतरच चुना. हा क्रम उलटा केला तर क्रोमियम खाली बसतच नाही, सरळ नाल्यात जातं. आणि नायट्राइटचं पाणी या टाकीत येऊ देऊ नका, तिथे ॲसिड आहे आणि तोच तपकिरी धूर निघेल.

गाळ पोत्यांत भरून, नाव-तारीख लिहून, छपराखाली ठेवायचा. तो घातक कचरा आहे, भंगारवाल्याला द्यायचा नाही. रांजणगाव, तळोजा इथे त्याची विल्हेवाट लावणारी केंद्रं आहेत. सभासदत्व घेऊन गाडीबरोबर मॅनिफेस्टचा, म्हणजे कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदीचा, कागद पाठवा आणि त्याची प्रत त्याच वहीत चिकटवा, जिच्यात रोजचे तीन आकडे लिहिता.